मूर्ती आणि माती

पेणच्या एखाद्या कारखान्यात शाडू मातीचा गोळा मळून ठेवलेला असतो. मूर्तिकार तो साच्यात दाबतो, साचा सुटला की सोंड आणि हात बसवतो, सांधे ओल्या बोटानं पुसून एकजीव करतो, मूर्ती सावलीत वाळू देतो. मग रंग, आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. रंगाचा आणि उडून गेलेल्या पाण्याचा हिशेब क्षणभर सोडून देऊ. पाटावर आता मूर्ती आहे. माती कुठे गेलेली नाही, तीही तिथंच आहे. मग पाटावर वस्तू किती? एक की दोन?

‘एकच’ हे उत्तर चटकन तोंडावर येतं. मातीला आकार दिला, तिला आपण मूर्ती म्हणू लागलो, एवढंच. पण दोन नावं खरोखर एकाच वस्तूची असतील, तर एका नावाखाली जे खरं ते दुसऱ्या नावाखालीही खरं असायला हवं. लोकमान्य टिळक १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मले असतील, तर बाळ गंगाधर टिळकही त्याच वर्षी तिथंच जन्मलेले असणार. हा नियम जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्झच्या नावानं ओळखला जातो आणि त्याच्याशी भांडण काढणं फार अवघड आहे. आता तो पाटावर लावून पाहा. गोळा महिन्यापूर्वी होता, मूर्ती नव्हती. विसर्जनानंतर मूर्ती उरत नाही, पण हौदाच्या तळाशी माती उरते. पुण्यात ही विसर्जनानंतरची शाडू माती गोळा करून पुन्हा मूर्तिकारांकडे पोचवण्याचे प्रयत्न झाले आहेत. परत गेली ती माती, गेल्या वर्षीची मूर्ती नव्हे. एकीचा जन्म आणि शेवट दुसरीपेक्षा वेगळा असेल, तर त्या दोघी एक कशा?

मग ‘दोन’ म्हणावं, तर तराजू आडवा येतो. मूर्ती पाच किलोची, माती पाच किलोची, आणि काटा मात्र दहावर जात नाही. शिवाय दोन घन वस्तू एकाच वेळी एकाच जागेत मावत नाहीत, हे लहान मुलालाही ठाऊक असतं.

पेच एवढाच आहे. पण तो फक्त मूर्तीचा नाही. मडकं आणि माती, वस्त्र आणि सूत, दागिना आणि सोनं, झाड आणि त्यातलं लाकूड, माणूस आणि त्याचा देह, सगळीकडे तो तसाच उभा राहतो. वस्तू आणि ती ज्यापासून झाली ते उपादान यांचं नातं तादात्म्याचं की आणखी कसलं, या प्रश्नावर अडीच हजार वर्षं डोकी झिजली आहेत. त्या उत्तरांचा हा आढावा आहे, आणि त्यातलं मला कोणतं पटतं हेही सांगणार आहे.

आधी एक शेजारचा प्रश्न बाजूला करतो, कारण बहुतेक लेखन तिथंच अडकतं. अथेन्सच्या लोकांनी थीसिअसचं जहाज जपताना कुजलेली फळी काढून नवी बसवली आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय मिळाला, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलं. सतराव्या शतकात हॉब्सनं त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जपून ठेवून कुणी त्यांचं पुन्हा जहाज बांधलं तर खरं कोणतं? ही जहाजाची कथा द्रव्य बदलत असताना वस्तू तीच राहते का, असं विचारते. आपला प्रश्न त्याहून मुळातला आहे: एकही फळी बदललेली नसताना, या घटकेला, जहाज म्हणजे त्या फळ्याच का?

तरी जहाजाच्या प्रश्नातून एक धागा घ्यायला हवा. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात दुरुस्त करून ठेवलेलं आहे आणि मूळ मुंबईच्या सागाचा मोठा भाग त्यात अजून आहे. तिकडे त्याचा अभिमानानं उल्लेख होतो, म्हणजे मूळ द्रव्याला किंमत आहे. उलट जपानमधलं ईसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात पुन्हा बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधलं. तिथं जुनं लाकूड टिकवण्याचा आग्रहच नाही, तरी देवस्थान तेच. पुरीच्या जगन्नाथाचं नवकलेवर या दोहोंच्या मधे बसतं. आषाढ अधिक आला की ठरावीक वर्षी कडुनिंबाच्या नव्या खोडांतून मूर्ती घडवतात. अलीकडचा सोहळा २०१५ चा, त्याआधीचा १९९६ चा. जुन्या मूर्ती देवळाच्या आवारातल्या कोइली वैकुंठात पुरतात. सगळं लाकूड बदलतं. पण ‘ब्रह्मपदार्थ’ म्हणून जे काही जुन्या मूर्तीच्या पोटात असतं, ते दैतापती हे सेवक रात्रीच्या अंधारात, डोळे बांधून, हातांना कापड गुंडाळून नव्या मूर्तीत ठेवतात. देव द्रव्याहून वेगळा आहे असं मानणाऱ्या परंपरेलाही काहीतरी हातातून हातात गेलं पाहिजे असं वाटतंच. माणसाच्या मनाची ही ओढ पुढच्या कुठल्याही सिद्धान्तानं विचारात घ्यावी.

आता मूळ प्रश्न. तो सर्वांत बारकाईनं कुठं लढला गेला असेल तर भारतात, आणि आपल्याकडे त्याची जाण फार थोड्यांना आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळलं. घडा, परळ ही नावं आहेत, खरी ती माती. अद्वैत वेदान्तानं हेच वाक्य पायाशी घेतलं, आणि ज्ञानेश्वरीत सोनं आणि अलंकार हा दृष्टान्त वारंवार येतो तोही याच कुळातला. सांख्यांचं म्हणणं थोडं निराळं: घडा मातीत आधीपासून अव्यक्त रूपात असतोच, कुंभार तो फक्त प्रकट करतो. सूक्ष्म फरक सोडला तर दोघांचं उत्तर एका दिशेचं आहे. कार्य कारणाहून वेगळं नाही. मूर्ती म्हणजे मातीच.

बौद्धांनी दुसरा रस्ता धरला. त्यांच्या परंपरेतला एक प्रसिद्ध संवाद राजा मिलिंदाशी झालेला आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. औरंगाबादेत बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्याचंच नाव आहे. भदन्त नागसेन त्याला विचारतात, तू ज्या रथातून आलास तो रथ कोणता? चाक का? आस का? जू का? की या सगळ्यांखेरीज आणखी काही? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी मान्य करतो की या अंगांच्या आधारानं ‘रथ’ हे व्यवहाराचं नाव पडतं. पुढे याच वाटेनं जाणाऱ्या बौद्ध नैयायिकांनी ठाम सांगितलं की अवयव आहेत, अवयवी (त्यांची मिळून झालेली एक वस्तू) नाही. सूत आहे, त्याहून वेगळं वस्त्र नाही. पंडित अशोकांनी तर ‘अवयविनिराकरण’ नावाचं छोटं प्रकरणच लिहिलं.

समोर उभे होते न्याय-वैशेषिक. त्यांचं म्हणणं: धाग्यांपासून वस्त्र निर्माण होतं तेव्हा जगात एक नवं द्रव्य येतं. धागे हे त्याचं समवायी कारण, वस्त्र धाग्यांमध्ये समवाय, म्हणजे न सुटणाऱ्या, संबंधानं राहतं, पण धागे म्हणजे वस्त्र नव्हे. याला आरंभवाद म्हणतात. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या मताचा एक युक्तिवाद आहे, तो मी कितीदाही वाचायला तयार आहे. परमाणू डोळ्यांना दिसत नाहीत. अवयवी नसेलच, तर दिसण्याजोगं काही उरतच नाही, मग हे झाड, हे मडकं दिसतं ते काय? यावर प्रतिपक्ष म्हणतो: लांबून सेना दिसते, वन दिसतं, तसं. प्रत्यक्षात शिपाई असतात, झाडं असतात, ‘सेना’ ही एक वस्तू नसते. सूत्रकार उत्तर देतात की उदाहरण लागू पडत नाही. जवळ गेलं की एकेक शिपाई दिसतो, एकेक झाड दिसतं. परमाणू कितीही जवळ गेलं तरी दिसत नाही. जे एकेकटं कधीच दिसत नाही, त्याचा घोळका दिसतो असं कसं म्हणता?

दुसरा युक्तिवाद हातात धरण्याचा. मडक्याचा काठ धरून उचललं की सगळं मडकं येतं, म्हणून मडकं ही एक वस्तू आहे. इथं भाष्यकार वात्स्यायनांचा प्रामाणिकपणा पाहण्यासारखा आहे. ते आपल्याच बाजूच्या या युक्तीला तपासून म्हणतात की धरता-ओढता येणं हे चिकटून असण्यामुळे होतं. गवत, खडे, लाकडाचे तुकडे लाखेनं चिकटवले तर तेही एकत्र उचलले जातात, म्हणून काही तिथं नवं द्रव्य जन्मत नाही. म्हणजे एकत्र असणं वेगळं आणि एक असणं वेगळं. ही रेघ फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

सातव्या शतकाच्या आसपास धर्मकीर्तींनी अवयवीवर जे घाव घातले, ते आजही जड जातात. अवयवी खरोखर एक असेल, तर नुसता हात हलला की सारं शरीर हललं पाहिजे. एक पदर रंगवला की सारं वस्त्र रंगलं पाहिजे. एक भाग झाकला की सगळं झाकलं गेलं पाहिजे. हलतं आणि न हलतं, रंगलेलं आणि न रंगलेलं, हे विरोधी धर्म एकाच वस्तूत कसे? आणि तराजूचा प्रश्न तर त्यांनीही विचारला: धाग्यांचं वजन अधिक वस्त्राचं वजन, असं दुप्पट का भरत नाही? न्यायवाल्यांनी उत्तरं दिली. हात हलला तर क्रिया हाताची, शरीर हा निराळा आश्रय आहे. बौद्ध लगेच म्हणाले, मग हात आणि शरीर अलग पडायला हवेत. वजनाच्या प्रश्नावर मात्र न्यायाचं उत्तर मला कायम लंगडं वाटत आलं आहे. वस्त्राचं जादा वजन इतकं सूक्ष्म की मोजता येत नाही, अशा धर्तीचं स्पष्टीकरण हे पक्ष वाचवण्यासाठी दिलेलं असतं.

रंगाच्या प्रश्नावरचं त्यांचं उत्तर मात्र मोलाचं आहे. निळ्या, पिवळ्या, तांबड्या धाग्यांच्या वस्त्राचा रंग कोणता? निळा म्हणता येत नाही, पिवळा म्हणता येत नाही, आणि बिनरंगी म्हणावं तर ते डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणून वैशेषिकांनी ‘चित्ररूप’ नावाचा एक स्वतंत्र रंग मानला, जो वस्त्राचाच असतो. ही पळवाट वाटेल. पण येवल्याच्या मागावर धूपछाँव पैठणी विणताना पाहा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. रिळावरच्या कुठल्याही धाग्यात ती झाक नसते. कापड जरा तिरकं धरलं की एक रंग वर येतो, वळवलं की दुसरा. ही झाक वस्त्राची आहे. धागे तेच असून गुंडाळून ठेवले तर ती नाही. याच जातीचं निरीक्षण ॲरिस्टॉटलनं निराळ्या शब्दांत केलं होतं: अक्षरावयव म्हणजे केवळ त्यातले वर्ण नव्हेत, वर्ण सुटे झाले की अक्षरावयव उरत नाही, वर्ण उरतात. म्हणून त्यानं द्रव्याच्या जोडीला ‘रूप’ मानलं, आणि काशाचा पुतळा हे त्याचं ठरलेलं उदाहरण झालं.

न्याय-वैशेषिकांना या भूमिकेची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. अवयवी अवयवांवर इतका अवलंबून, की एक धागा काढला तर जुनं वस्त्र नष्ट. उरलेल्या धाग्यांत नवं ‘खंडपट’ जन्मतं. साडीचा एक धागा ओढला गेला तर ही आजीची साडी नाही, तिच्यासारखी दुसरी आहे, असं म्हणायची पाळी येते. वाढणाऱ्या मुलाचं शरीरही मग क्षणोक्षणी नवं. त्यांच्या घरातला वाद पाहिला की ही किंमत त्यांनाही टोचत होती हे कळतं. कच्चं मडकं आव्यात भाजलं की काळपट रंग जाऊन तांबूस होतो. वैशेषिक म्हणाले, अग्नीच्या आघातानं मडकं परमाणूंपर्यंत विखुरतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून नवं मडकं जुळतं. हे इतकं झपाट्यानं होतं की कळत नाही. हा पीलुपाक. न्यायवाल्यांना हे काही पचलं नाही. आव्याच्या फटीतून पाहिलं तर मडकं जागेवर दिसतं, आणि त्याच्यावर रचलेली मडकी कोसळत नाहीत. ते विखुरलं असतं तर वरची उतरंड खाली आली नसती का? मडकं सच्छिद्र असतं, आच आतपर्यंत जाते, तेच मडकं रंग बदलतं. हा पिठरपाक. आव्यावर डोळा लावून तत्त्वज्ञान करणारी ही माणसं होती.

रोमन कायदेपंडितांपुढे वस्तू आणि द्रव्याचा हा प्रश्न मालकीचा होऊन आला. तुमची द्राक्षं, मी त्यांची दारू केली, तर दारू कुणाची? सॅबिनसच्या अनुयायांनी सांगितलं, ज्याचं द्रव्य त्याची. प्रोक्युलसच्या अनुयायांनी सांगितलं, ज्यानं नवी वस्तू घडवली त्याची. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या संहितेनं मधला निकाल दिला: वस्तू पुन्हा मूळ द्रव्यात नेता येत असेल तर द्रव्याच्या मालकाची, नेता येत नसेल तर घडवणाऱ्याची. सोन्याचं भांडं वितळवून सोनं परत मिळतं, ते सोन्याच्या धन्याचं. दारूची पुन्हा द्राक्षं होत नाहीत, ती करणाऱ्याची. आपल्या सराफकट्ट्यावर ही दोन्ही मतं रोज एकाच पावतीवर असतात. बांगडी घेताना वजनाचे पैसे वेगळे, घडणावळ वेगळी. तीच बांगडी मोडीत घातली की सराफ घट धरून सोन्याचे पैसे देतो, घडणावळ गेली ती गेली. सोनं मोडत नाही, बांगडी मोडते. हे सराफही जाणतो आणि गिऱ्हाईकही.

विसाव्या शतकात इंग्रजीत लिहिणाऱ्या तत्त्वज्ञांनी हा वाद नव्यानं पेटवला. १९६८ मध्ये डेव्हिड विगिन्स यांनी मांडलं की भिन्न जातीच्या दोन वस्तू एकाच वेळी एकाच जागी असू शकतात. झाड आणि त्याच्या रेणूंचा समूह घ्या. रेणू न मोडता झाड कापून रचून ठेवलं तर समूह राहील, झाड राहणार नाही. घन वस्तू एकमेकींना जागा देत नाहीत हे एकाच जातीच्या वस्तूंपुरतं खरं. पुढे मार्क जॉन्स्टन, लिन रडर बेकर यांनी हे मत भक्कम केलं: घडण म्हणजे तादात्म्य नव्हे. मूर्ती मातीची घडलेली आहे, मूर्ती माती नाही.

विरोधकांचा सर्वांत कसदार डाव १९७५ मध्ये ॲलन गिबर्ड यांनी टाकला. तो आपल्या साच्याच्या भाषेत सांगता येतो. समजा साचा दोन पाळ्यांचा आहे. एका पाळीत पुढचा भाग दाबला, दुसरीत मागचा. दोन्ही जोडले त्या क्षणी मूर्ती झाली, आणि त्याच क्षणी हा सलग गोळाही प्रथमच झाला. पुढे हातातून पडून दोन्हींचा एकदमच चुरा झाला. आता दोघींचा जन्म एक, अंत एक, मधला प्रत्येक क्षण एक. कालाच्या फरकावर उभा असलेला युक्तिवाद इथं लटका पडतो. उरतो तो फक्त ‘असतं तर’: ओली असताना दाबली असती तर मूर्ती गेली असती, गोळा राहिला असता. गिबर्ड म्हणाले, इथं मूर्ती आणि गोळा एकच आहेत, आणि ‘असतं तर’चं उत्तर आपण वस्तूला कोणत्या नावानं हाक मारतो यावर ठरतं. डेव्हिड लुईस यांनी याला रीतसर यंत्रणा दिली. ‘मूर्ती’ म्हटलं की आपण तिच्यासारख्या मूर्तींच्या पर्यायी कहाण्या मनात आणतो, ‘गोळा’ म्हटलं की गोळ्यांच्या. वस्तू एक, मापं दोन. पण सॉल क्रिपके यांनी आधीच दाखवलं होतं की दोन नावं खरोखर एका वस्तूची असतील तर ती वस्तू स्वतःहून वेगळी असण्याची शक्यताच नाही. या दोन मतांपैकी एक सोडावं लागतं.

काळाच्या बाजूनं आलेला आणखी एक तोडगा थिओडोर सायडर यांच्या २००१ च्या पुस्तकात सविस्तर आहे. वस्तू जागेत जशी पसरलेली असते तशी काळातही. मातीची कहाणी लांब, मूर्ती म्हणजे तिचा मधला तुकडा. मुंबई-आग्रा महामार्गाचा नाशिक शहरातला पट्टा शहराचा रस्ताही असतो, म्हणून तिथं कुणी दोन डांबरी रस्ते मोजत नाही. हे सुटसुटीत आहे, पण गिबर्डच्या साच्यापुढे तेही थांबतं, कारण तिथं दोन्ही कहाण्या तंतोतंत एकाच लांबीच्या आहेत. मग सायडरनाही लुईसचा आधार घ्यावा लागतो.

मायकेल बर्क यांचं मत १९९२ मध्ये आलं: मूर्ती घडली की गोळा संपतो, वरचढ जात राहते. म्हणजे ओल्या मातीला बोटानं आकार दिला आणि मातीचा गोळा नष्ट झाला. हे मला पटत नाही. रॉडरिक चिझम अगदी दुसऱ्या टोकाला गेले. त्यांच्या मते भाग हे वस्तूला अनिवार्य, एक कण गेला की नवी वस्तू. खंडपटाची आठवण न होता हे वाचता येत नाही, आणि त्यावरचा आक्षेपही तोच. शेवटी पीटर अंगर आणि पीटर व्हॅन इनवॅगन. व्हॅन इनवॅगन यांच्या १९९० च्या पुस्तकानुसार मूर्ती नाही, गोळा नाही, टेबल नाही. मूर्तीच्या आकारात मांडलेले कण आहेत. सजीव तेवढे खरे अवयवी. ट्रेंटन मेरिक्स यांचा मुद्दा असा की काच फुटली तर ती चेंडूतल्या कणांनी फोडली, चेंडूला वेगळं कामच उरत नाही. नागसेनांच्या प्रश्नाचं हे आजच्या भौतिकीतलं रूप आहे.

घडणवाद्यांपुढचं खरं संकट कॅरन बेनेट यांनी २००४ मध्ये नेमकं मांडलं. मूर्ती आणि माती यांचे सगळे कण तेच, त्यांची मांडणी तीच. मग दाबल्यावर एकीनं मरावं आणि दुसरीनं जगावं, हा फरक आला कुठून? धर्मकीर्तींच्या तराजूपेक्षाही हा प्रश्न अवघड आहे.

माझं मत सांगतो. बेनेटच्या प्रश्नाचं उत्तर कणांत शोधलं तर मिळणार नाही. मूर्ती कधी होते आणि कधी संपते हे मूर्तिकाराचा हेतू, घरातली प्राणप्रतिष्ठा, उत्तरपूजा, मूर्ती भंगली की ती पूजेत ठेवायची नाही ही रीत, यांनी ठरतं. हे सगळं पाटाच्या बाहेर आहे, पण खोटं नाही. तराजू द्रव्य मोजतो, म्हणून काटा पाचवरच राहतो. वजन मूर्तीला मातीकडूनच मिळतं, दुसरं आणावं लागत नाही. आपलं शरीर घ्या. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, दाताचं एनॅमल एकदा झालं की पुन्हा तयार होत नाही. कुठला कण ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे शरीर स्वतः चालवतं, आणि तेच चालवणं थांबलं की देह उरतो पण माणूस उरत नाही. झाडाचंही तसंच. अशा ठिकाणी वस्तू तिच्या द्रव्याहून वेगळी आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

पण नदीतला धोंडा? त्याला टिकवणारी ना कुणाची रीत, ना त्याची स्वतःची क्रिया. तो दगड आहे आणि दगड तो आहे. वाळूचा ढीग, लाखेनं चिकटलेले खडे, मळून ठेवलेला गोळा, हेही तसेच. वात्स्यायनांनी एकत्र असणं आणि एक असणं यांत जी रेघ काढली, ती इथं लागू पडते. म्हणून सगळ्या वस्तूंना एकच उत्तर मागणं हीच या वादातली मोठी चूक वाटते. उद्दालकाचं उत्तर धोंड्याला बरोबर आहे, न्यायाचं उत्तर झाडाला. पैठणीला आणि मूर्तीला न्यायाचंच उत्तर लागतं, पण खंडपट सोडून, कारण एक धागा निसटल्यानं आजीची साडी बदलत नाही. ती कुणाची आणि कशासाठी विणली गेली हे त्या धाग्यापेक्षा जास्त मोजलं जातं. यावर एक आक्षेप राहतो, आणि तो खरा आहे. रीत बदलली तर मूर्तीचं असणंही बदलेल का? माझं उत्तर हो असं आहे. ईसेचं आणि हार्टलपूलचं उत्तर वेगळं येतं ते म्हणूनच.

आपल्या विद्यापीठांत ‘भारतीय तत्त्वज्ञान’ आणि ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’ या दोन वेगवेगळ्या पत्रिका असतात. एकीत अवयवी, समवाय, पीलुपाक पाठ करून लिहायचे आणि दुसरीत पुतळा आणि माती. विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही की हा एकच वाद आहे. धर्मकीर्ती आणि बेनेट, चिझम आणि खंडपट, नागसेन आणि व्हॅन इनवॅगन एका तासाला एका फळ्यावर आणा. मराठीत शिकवणाऱ्या शिक्षकांना ही माझी विनंती आहे, आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही.